खिळ्यावरची डावी चप्पल

ट्रकचं काम केलेल्या कोणत्याही माणसाला विचारा, गाडी खोलून परत जोडली की दोन-चार नट उरतातच. कुठले, ते कळत नाही. गाडी तर चालते. मग ते नट एका डब्यात जातात आणि डबा भरत राहतो. आमच्या गॅरेजात असा तेलाचा एक अख्खा पिपा भरला होता. माझ्या डोक्यातल्या गोष्टींचं तसंच आहे बाप्पा. कुठली कोणत्या सालची, कुठे बसते, ते मला विचारू नका. हात घातला की जी लागेल ती काढतो.

आमचं गॅरेज वर्ध्याहून नागपूरकडे निघालं की गावाबाहेर, डाव्या हाताला. वर टिनाचं छप्पर, खाली काळी पडलेली जमीन. नव्वद सालानंतर मी तिथे लागलो आणि पंधरा-सोळा वर्षं काढली. कापसाच्या गाठी नेणारे ट्रक यायचे, गिट्टीचे टिपर यायचे. आता लोक विचारतात, मधुभाऊ, इतकी वर्षं गाडीखाली निजलात, भीती नाही वाटली? वाटली ना. ज्याला वाटत नव्हती त्याला आमचे मिस्त्री कामावर ठेवतच नव्हते.

मिस्त्री म्हणजे नामदेवराव. बारीक माणूस, बोलणं कमी, आणि जे बोलायचा ते अंगाला लागेल असं.

* * *

पहिल्याच दिवशीची गोष्ट. आत शिरलो तर समोरच्या खांबाला खिळा, आणि खिळ्याला एक चप्पल. एकच. डाव्या पायाची, रबरी, निळ्या पट्ट्याची. वर बोटभर धूळ. ट्रकवाले नजर लागू नये म्हणून जुना जोडा बांधतात, तसंच काहीतरी असेल असं मला वाटलं. पहिला दिवस, काहीतरी बोलून दाखवावं म्हणून मी म्हटलं, "मिस्त्री, हे जुनी झाली. नवीन टांगू का?"

बाजूला वामन होता, आमचा दुसरा फिटर. त्याने मला कोपर मारलं.

मिस्त्री म्हणाला, "ते नजरेसाठी नाई टांगली. एका मानसाची हाये."

"मग तो घेऊन काऊन नाई गेला?"

"तो अजून गाडीखालीच हाये."

मी वाकून उभ्या ट्रकखाली पाहिलं. कोणी नव्हतं. मला वाटलं, आपण पिसाट माणसाकडे नोकरीला लागलो.

दुपारी भाकर खाताना वामनने सांगितलं. नामदेवराव आणि शंकर नावाचा एक जण, दोघं जुन्या एका गॅरेजात सोबत शिकलेले, एका ताटात जेवणारे. एक दिवस शंकर ट्रकखाली होता. मालक ओरडला, गाडी चालू करून पाहा. नामदेवराव सीटवर बसला आणि चावी फिरवली. गाडी गियरमध्ये होती. वीतभर पुढे सरकली, फक्त वीतभर. शंकरचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. त्याने आत शिरताना चपला काढून चाकाशेजारी ठेवल्या होत्या, पण वरून कोणाला दिसणार?

"तवापासून मिस्त्री ड्रायव्हरच्या सीटवर बसला नाई," वामन म्हणाला. "गाडी चालू करत नाई. टेस्टिंगले मागं डाल्यात बसून येते. अन् शंकरच्या समोर जात नाई. तो केळझरले राह्यते, मंदिरापाशी हार-नारळ इकते. इथून किती लांब? पन हा मानूस त्या रस्त्यानं बसमधून गेला तरी दुसऱ्या खिडकीकडं तोंड करते."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. सकाळी आपण काय बोलून बसलो, याची मला लाज वाटली. आजही वाटते.

* * *

मिस्त्रीचा नियम त्यातूनच आलेला. जो गाडीखाली जाईल, त्याने चपला काढून ड्रायव्हरच्या सीटवर ठेवायच्या. काम संपलं की त्यानेच बाहेर येऊन, आपल्या हाताने त्या उचलायच्या. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. सीटवर चपला, म्हणजे खाली माणूस. आता तुम्ही म्हणाल, अनवाणी कुठे काम करतात? खरं आहे. पण आमच्याकडे चपलेचं काम पायात नव्हतं, सीटवर होतं.

ड्रायव्हर लोकांना हे अजिबात आवडायचं नाही. समोर देवाचा फोटो, उदबत्ती, लिंबू-मिरची, आणि सीटवर ग्रीसने माखलेल्या चपला. एक जण तर भांडायलाच उभा राहिला, म्हणे सीट म्हणजे लक्ष्मी.

मिस्त्री म्हणाला, "लक्ष्मी रुसली त मी तिच्या पाया पडतो. खालच्याचा पाय गेला त मी कोनाच्या पाया पडू?"

तो ड्रायव्हर गप्प झाला. पण हिंगणीचा बबन गप्प होणाऱ्यातला नव्हता.

बबन टिपर चालवायचा, बोर धरणाकडच्या कामावर. नेहमी घाईत. एक दिवस मी त्याच्या टिपरखाली होतो, क्लचचा रॉड बसवत. बबन चहा पिऊन आला, दार उघडलं, माझ्या चपला दोन बोटांनी उचलल्या आणि खाली पायदानावर टाकल्या. मी खालून त्याचे पाय वर जाताना पाहिले. ओरडायला तोंड उघडलं तर आवाजच निघेना.

तेवढ्यात "बबन" अशी हाक आली. मोठ्याने नाही. मिस्त्रीने त्याचा मनगटाजवळ हात धरला होता. चावीला बबनची बोटं लागलेली होती.

"उतर," मिस्त्री म्हणाला. बबन उतरला. "मध्या, तू बाहेर ये." मी आलो. "बबन, आता तू आत निज."

"मी कायले निजू?"

"निज. चपला दे इकडं."

मिस्त्रीने बबनच्या चपला सीटवर ठेवल्या. बबन खाली जाऊन निजला. मग मिस्त्रीने काय करावं? काहीच नाही. गाडीची चावी काढून घेतली आणि ती हातात वाजवत गाडीभोवती फिरत राहिला. एक फेरी, दोन फेऱ्या. मध्येच थांबायचा. दार उघडायचा. दार लावायचा. पुन्हा चावी वाजवायचा. पाचेक मिनिटं झाली असतील. आम्ही सगळे काम थांबवून उभे. कोणी हसलं नाही.

बबन बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्याने सीटवरून चपला उचलल्या आणि पायात घातल्या.

पंधरा दिवसांनी तो टिपर घेऊन आला. मी म्हटलं, काय बबन, कसं काय? तर म्हणतो, "मधुभाऊ, काल कॅनॉलवर आंघोळीले उतरलो त चपला सीटवर ठेवून गेलतो. क्लीनर म्हने, तुमी गाडीखाली हा काय? म्हटलं, नाई बे, पन मी वापस येईपर्यंत तू चावीले हात लावू नको."

* * *

दुसरा नियम ठोकळ्याचा. बाभळीचे चार ठोकळे होते आमच्याकडे, हातभर उंच, दोन माणसांनी उचलावे असे. मिस्त्री म्हणायचा, जॅक गाडी चढवाले, ठोकळा मानूस निजाले. म्हणजे जॅकने गाडी उचला, पण खाली जायच्या आधी ठोकळा लावा आणि वजन ठोकळ्यावर सोडा.

वामन जाडा गडी. त्याला ते ठोकळे ओढायचा भारी कंटाळा. त्यात एका वर्षी अशी थंडी पडली की सकाळी पाना हातात धरवेना. मिस्त्री बाजारातून यायचा होता. वामनने एक ठोकळा, तडा गेलेला आहे म्हणून, फोडला आणि मस्त शेकोटी केली. मीही हात शेकले, खोटं कायले बोलू.

मग वामन कामाला लागला. ट्रकचा मागचा भाग जॅकवर चढवला, चपला सीटवर ठेवल्या आणि शिरला आत. ठोकळा लावलाच नाही. तीन होते ते दुसऱ्या गाडीखाली गुंतले होते आणि चौथ्यावर आम्ही शेकत होतो.

मिस्त्री आला. सायकल लावली. आधी सीटकडे पाहिलं, ती त्याची सवय होती. मग खाली पाहिलं.

"वामन्या, ठोकळा कुठी हाये?"

आत पान्याचा आवाज थांबला.

"मी इचारून राह्यलो, ठोकळा कुठी हाये?"

"शेकोटीत," वामन आतून म्हणाला.

यावर मिस्त्रीने त्याला जी शिवी दिली ती मी इथे सांगू शकत नाही. आईवरून नव्हती, पण त्याच्या पुढची होती. वामनला शिव्यांची सवय होती, पण ती शिवी त्याच्या जिव्हारी लागली. तो रागाने सरपटत बाहेर आला, उभा राहिला आणि म्हणाला, "मिस्त्री, तोंड सांभाळून बोला, मी काई तुमचा..."

मागे फुस्स असा आवाज झाला. आम्ही वळून पाहिलं. जॅकचं तेल सुटलं होतं. ट्रक हळूच, काही घाई नसल्यासारखा, खाली बसला. जिथे वामनची छाती होती तिथे आता मुठीएवढीच जागा होती.

वामनचं वाक्य अर्धंच राहिलं. तो तसाच मातीत बसला. मग म्हणाला, "मिस्त्री, ते शिवी अजून एकदा द्या."

मिस्त्रीने दिली नाही. तो शेकोटीपाशी गेला, पायाने राख पसरवली आणि पाठ करून उभा राहिला. हात त्याने खिशात घातले.

* * *

हा नट शेठचा. त्यांची कापसाची जिनिंग होती आणि सात-आठ ट्रक. माणूस चांगला, पण उभ्या-उभ्या दुसऱ्याच्या कामात घाई करणारा. आणि कपडे असे पांढरे की आमच्या गॅरेजात ते पाहून आम्हालाच चिंता वाटायची.

जुन्या ट्रकच्या चाकाला लोखंडाची एक रिंग असायची. टायर तिने अडकून धरलेला. हवा भरताना ती नीट बसली नाही तर निसटते, आणि निसटली की समोर जे असेल ते घेऊन जाते. म्हणून हवा भरताना चाकाच्या समोर कोणी उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं, हा मिस्त्रीचा तिसरा नियम.

वामन हवा भरत होता. शेठ बरोब्बर समोर. तोंडात पान. "अरे वामन, जल्दी कर ना. माल नागपूरला पोचायचा आहे. तू हवा भरून राह्यला की पूजा करून राह्यला?"

मिस्त्री दोनदा म्हणाला, "शेठ, बाजूले व्हा."

शेठ म्हणाले, "होतो ना, होतो ना," आणि तिथेच उभे.

तिसऱ्या वेळी मिस्त्री बोलला नाही. आला आणि त्यांना दोन्ही हातांनी असं ढकललं की शेठ थेट जळक्या तेलाच्या नालीत. पांढरे कपडे, वर काळं तेल. सगळं गॅरेज थिजलं. शेठच्या चार गाड्या तेव्हा आमच्याकडे उभ्या होत्या. शेठ तेलातून उठायला लागले. चेहरा लाल. "नामदेव, तुला माहीत आहे का मी..."

धाडकन आवाज झाला. कान बंद झाले. वर टिनाला भोक पडलं होतं आणि त्यातून आभाळ दिसत होतं. रिंग मागच्या शेतात जाऊन पडली होती. ती आम्हाला दुसऱ्या दिवशी सापडली.

शेठ तेलात बसूनच छताकडे पाहत होते. मग आपल्या सदऱ्याकडे पाहिलं. मग मिस्त्रीकडे. आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "कपडे तर गेलेच ना पण."

दुसऱ्या दिवशी त्यांनी छतासाठी नवीन टिन पाठवलं. मिस्त्रीने ते बाजूला ठेवून दिलं. भोक बुजवू देईना. पावसाळ्यात तिथून धार लागायची, बरोबर हवा भरायच्या जागेसमोर. आम्ही किती सांगितलं, मिस्त्री, चिखल होते.

"होऊ दे. ओलं दिसलं की मानूस तिथं उभा नाई राह्यत. भोक बुजवलं त मी कोनाले काय दाखवू?"

* * *

दसऱ्याला आमच्याकडे अवजारांची पूजा असायची. पाने, जॅक, ठोकळे, सगळं धुऊन मांडायचं, झेंडूची माळ, नारळ. त्या दिवशी केळझरहून शंकरभाऊ यायचे. बसमधून उतरायचे, काखेत कुबडी, उजव्या पायात एक चप्पल. येताना फुलांची पिशवी त्यांचीच असायची. जुन्या गॅरेजातल्या ओळखीने यायचे. गप्पा मारायचे, चहा प्यायचे. हसरा माणूस.

आणि मिस्त्री? त्याला दरवर्षी दसऱ्याच्या दिवशी सकाळीच हिंगणीकडे कुठेतरी बंद पडलेली गाडी पाहायला जायचं असायचं. सणाच्या दिवशी. दरवर्षी. शंकरभाऊ परतीच्या बसमध्ये बसले की अर्ध्या तासाने हा सायकलवर हजर.

एका वर्षी मी हिंमत करून शंकरभाऊंना विचारलं, "तुमाले मिस्त्रीचा राग येते का?"

ते खिळ्यावरच्या चपलेकडे पाहत होते. म्हणाले, "होता. दोन-तीन वर्सं होता. मंग हार ओवता ओवता उतरला. तेवढ्या रागानं का पाय उगवते? पन तो समोर येत नाई ना, त्याचा येते. पाय गेला, ठीक हाये. दोस्त काऊन गेला? त्याले सांगजो, एवढं."

मी सांगितलं. मिस्त्रीने ऐकलं आणि म्हणाला, "मध्या, त्या दस चाकीचे नट आवळले का तू?"

पुढच्या दसऱ्याला हिंगणीकडे पुन्हा गाडी बंद पडली.

* * *

आता जी सांगतो ती माझ्यावरच आलेली.

मोबाईल तेव्हा नुकतेच खिशात आले होते, पण रेंज गावातच. बबनचा टिपर केळझरच्या अलीकडे उतारावर बंद पडला. गिट्टीने भरलेला, नाक उताराकडे. इंजिनकडून मागच्या चाकांना फिरवणारा लांब शाफ्ट असतो ना, त्याचा मागचा सांधा तडकला होता. मी आणि मिस्त्री गेलो. बबनला नवीन सामान आणायला सेलूला पाठवलं. रस्त्यावर आम्ही दोघंच.

त्या टिपरचा हँडब्रेक शाफ्टलाच पकडायचा. म्हणजे शाफ्ट मागून खोलला की हँडब्रेक नावालाच. हे मला माहीत होतं, मिस्त्रीला माहीत होतं. म्हणून तो म्हणाला, "मध्या, चाकाले दगड लाव. काळे पाहून लाव."

काळे दगड रस्त्याच्या पलीकडे होते. मुरमाचे ठिसूळ इथेच, पायाशी. ऊन होतं. मी पायाशी होते तेच लावले. पंधरा वर्षं काम केलेला माणूस मी, आणि चार पावलांचा आळस केला. मिस्त्री पेटीतून पाने काढत होता. त्याने विचारलं, "लावले?" मी म्हटलं, "लावले."

चपला सीटवर ठेवल्या आणि आत गेलो. मागच्या चाकाच्या थोडा पुढे, आडवा निजलो, पाय बाहेर रस्त्याच्या बाजूला. शेवटचा बोल्ट काढला. शाफ्टचं मागचं टोक सुटलं, मी ते छातीवर झेललं. आणि दगड फुटल्याचा आवाज आला. बिस्कीट मोडतं तेवढाच.

गाडी चालायला लागली.

मी पाय ओढले. उजवा निघाला. डाव्या पायाची पँट चाकाखाली गेली आणि पाय तिथेच अडकला. छातीवर शाफ्ट. चाकाचं रबर माझ्या नडगीला लागलं. गरम होतं. मला आठवतं, मी शंकरभाऊंचं नाव घेतलं. देवाचं नाही.

आणि चाक थांबलं.

वरून मिस्त्रीचा आवाज आला, कॅबिनमधून. "मध्या."

"हो."

"पाय हाये का?"

"हाये. पँट दबली. निंघता येत नाई."

"मी ब्रेकवर हावो. हालू नको."

मिस्त्री सीटवर बसला होता. मी खाली पडल्या-पडल्या ते समजून घेत होतो. मिस्त्री, सीटवर.

पण पायाचा ब्रेक हवेवर चालतो. इंजिन बंद असलं तर टाकीत उरली असेल तेवढीच हवा. आणि त्या टिपरची हवा गळायची. बबन दर वेळी सांगायचा आणि आम्ही दर वेळी म्हणायचो, उद्या पाहू. आता मला ती ऐकू येत होती, डोक्याच्या वर कुठेतरी, बारीक सूं असा आवाज.

"मध्या, हवेचा काटा उतरून राह्यला," मिस्त्री म्हणाला. पुढचं मला माहीत होतं. हवा भरायची तर इंजिन चालू करायला पाहिजे. खाली माणूस असताना गाडी चालू करायची. आणि गाडी गियरमध्ये असली तर शाफ्ट फिरेल, माझ्या छातीवर.

त्या टिपरची चावी मधल्या वर्षांत बबनने कधीच हरवली होती. स्टेअरिंगखाली दोन वायर जोडल्या की चालू. म्हणजे अडवायला चावीही नव्हती.

"मध्या, मी गियर पाहून राह्यलो." वर दांडा हलल्याचा आवाज, इकडे, तिकडे, पुन्हा इकडे. "सुटा हाये. तुले शाफ्ट हालल्यासारखा वाटला का?"

"नाई."

"पुन्हा हालवतो. आता?"

"नाई, मिस्त्री."

"चालू करू का?"

"करा."

"नाई, नीट सांग. मी चालू करू का? तू सांगशीन तवाच करीन."

चाक थोडं सरकलं. बोटभर. नडगीवरचं रबर दाबायला लागलं. मी ओरडलो, "करा मिस्त्री, मी सांगून राह्यलो ना, करा."

वर त्याने मोठा श्वास घेतला, तो मला खाली ऐकू आला. मग इंजिन धडधडलं. माझ्या छातीवरचा शाफ्ट थरथरला आणि तसाच राहिला. फिरला नाही. मी डोळे मिटले होते ते उघडले. हळूहळू हवा भरली आणि चाक जिथे होतं तिथे गच्च झालं.

अर्धा-पाऊण तास तसेच राहिलो. मी खाली, तो वर. दर दोन मिनिटांनी "मध्या", आणि मी "हो". बबन जीपने आला, दुरूनच पळत सुटला. काळे दगड आणून ठोकून बसवले, शाफ्ट उचलला, पँट ब्लेडने कापली. मी बाहेर आलो. नडगी सोललेली, बाकी सगळं शाबूत.

बबन ओरडला, "मिस्त्री, निंघाला मधुभाऊ, सोडा ब्रेक."

मिस्त्रीने पाय काढला नाही. त्याने ऐकलंच नाही जणू. दोन्ही पाय ब्रेकवर, नजर समोर काचेतून रस्त्यावर, आणि मांडीवर माझ्या चपला. एका हाताने घट्ट धरलेल्या.

मी दाराशी गेलो. अनवाणी, एका पायाला अर्धी पँट. म्हटलं, "मिस्त्री, माह्या चपला द्या."

तेव्हा त्याने वळून पाहिलं. आधी माझ्या तोंडाकडे, मग खाली पायांकडे. उजवा पाहिला. डावा पाहिला. पुन्हा डावा पाहिला. मग एक चप्पल दिली, मग दुसरी. मी त्या घातल्या. त्यानंतर त्याने ब्रेकवरून पाय काढला. मला आणि बबनला त्याला धरून उतरवावं लागलं.

मी म्हटलं, "मिस्त्री, दगड मी मुरमाचे लावले होते." मार खायची माझी तयारी होती.

तो म्हणाला, "पाह्यले मी," आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून रस्त्याच्या कडेला बसला.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर आलो तर खिळा रिकामा. मिस्त्री हातात कापडी पिशवी घेऊन उभा. म्हणाला, "मध्या, चाल. केळझरले जाऊन येऊ."

बसमध्ये या वेळी तो बरोबर मंदिराच्या बाजूच्या खिडकीपाशी बसला. उतरलो, मंदिराकडे चालायला लागलो. शंकरभाऊंचं दुकान पायऱ्यांच्या अलीकडेच. चार बांबू, वर ताडपत्री, हार, नारळ, दुर्वा. दर्शनाला जाणारे लोक चपला तिथेच सोडून जातात, त्यामुळे दुकानासमोर चपलांची रांग. शंकरभाऊ कुबडीने त्या सरळ करत होते.

मिस्त्री रांगेपर्यंत आला आणि थांबला. शंकरभाऊंनी मान वर केली. ओळखलं. कुबडी जिथल्या तिथे थांबली.

मिस्त्रीने पिशवीत हात घातला, ती निळ्या पट्ट्याची डावी चप्पल काढली, सदऱ्याने पुसली आणि रांगेत, शंकरभाऊंच्या समोर, नीट ठेवली.

शंकरभाऊ तिच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले,

"दुकानदार मले जोडीच देते ना बे, नामदेव. डाव्या अकरा चपला माह्या घरी नव्याच्या नव्या पडून हायेत. अन् तू बारावी घेऊन आला?"